वनौषधी आणि विषाणुरोग : चतुर्विध परीक्षेचा इतिहास

नाम, रूप आणि योग

माळव्यातील ज्या घरांत मराठी आणि माळवी ह्या दोन्ही भाषा पिढ्यानुपिढ्या बोलल्या जात आहेत, त्या घरांत एकेका वनस्पतीला दोन-दोन नावे असतात. देवास जिल्ह्याच्या सोनकच्छ तहसिलीतील पीपलरावां घ्या, किंवा धारच्या परिसरातील एखादे खेडे घ्या. अंगणातल्या एकाच झाडास घरची आजी कडुनिंब म्हणते आणि शेजारीण नीम म्हणते. गुळवेल तीच गिलोय, भुईआवळी तोच भुईआँवला. ही द्विभाषिकता मोठी गोड आहे आणि बहुतेक प्रसंगी निरुपद्रवीही आहे. परंतु ‘किराईत’ ह्या शब्दापाशी आले की घोटाळा होतो. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, किराईत म्हणून जी कडू वनस्पती ओळखली जाते ती बहुधा कालमेघ असते. चिरायता म्हणून मागितल्यास मात्र हिमालयातून येणारे काडेचिराईत हाती पडण्याचा संभव असतो. दोन्ही कडू, दोन्ही ज्वरावर दिल्या जाणाऱ्या. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांची कुळेदेखील भिन्न आहेत.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात ह्या अडचणीची जाणीव व्यक्त झाली आहे. गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी लोक औषधींची नावे आणि रूपे जाणतात. परंतु केवळ नाम आणि रूप जाणल्याने औषधीचा योग कळत नाही, असा त्या विवेचनाचा आशय आहे. न जाणलेले औषध विष, शस्त्र आणि अग्नी यांच्यासारखे घातक ठरते, असेही चरकाने तेथे बजावले आहे. पुढे अकराव्या अध्यायात सत्य जाणण्याचे चार मार्ग सांगितले आहेत. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही ती चतुर्विध परीक्षा होय. युक्ती म्हणजे अनेक कारणांचा मेळ पाहून फलाचा निश्चय करणारी बुद्धी. तिच्यासाठी चरकाने शेतीचाच दृष्टांत घेतला आहे : पाणी, नांगरणी, बीज आणि ऋतू यांचा योग जुळला म्हणजे पीक येते. माळव्याच्या काळ्या मातीत राबणाऱ्या शेतकऱ्यास ह्याहून सोपे उदाहरण कोणते देणार?

विषाणूंपासून होणाऱ्या रोगांवर वनस्पतींतून औषध मिळू शकेल काय, हा प्रश्न गेल्या शे-सव्वाशे वर्षांत, आणि विशेषतः करोनाच्या साथीत, पुनःपुन्हा विचारला गेला. त्यावर एका बाजूने अमर्याद विश्वास आणि दुसऱ्या बाजूने सरसकट उपहास अशी दोन टोके दिसतात. ह्या प्रश्नाचा इतिहास चरकाच्या चार पायऱ्यांवर ठेवून पाहिला, तर कोणती पायरी कोठे चढली गेली आणि कोणती गाळली गेली, हे स्पष्ट होते. आणि यशापयशाचे कारणही बहुधा तेथेच सापडते.

आप्तोपदेशाचा संग्रह

पहिली पायरी आप्तोपदेशाची. ह्या बाबतीत आपली परंपरा संपन्न आहे. धारानगरीच्या भोजराजाच्या नावावर ‘राजमार्तंड’ हा वैद्यकग्रंथ प्रसिद्ध आहे. म्हणजे ह्या भूमीत राजदरबारीही औषधयोगांचा संग्रह होत असे. परंतु संग्रहाबरोबर साक्ष नोंदवण्याचे एक विलक्षण उदाहरण दक्षिणेत घडले. मलबारचा डच अधिपती हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तेथील वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. ह्या कामी इट्टी अच्युतन ह्या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट ह्या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी साहाय्य केले. निघंटूंच्या आधारे आपण दिलेली माहिती खरी असल्याबद्दलचे त्यांचे साक्षपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात मुद्रित आहे. नागरी लिपी छापून प्रसिद्ध झाल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. वनस्पतीचे चित्र, तिची अनेक भाषांतील नावे, तिचा उपयोग आणि सांगणाऱ्याची सही, इतके सर्व एकत्र असल्यामुळे साडेतीनशे वर्षांनंतरही ती माहिती पडताळून पाहता येते.

त्याच वळणाचे काम पुढे मराठी मंडळींनीही केले. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधी गुणादर्श’ आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ हे ग्रंथ मराठी वैद्यांच्या हाती अनेक वर्षे होते. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बा. दा. बसू यांच्यासह रचलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील सचित्र इंग्रजी ग्रंथ १९१८ साली, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रकाशित झाला. ह्या सर्वांनी नाव आणि रूप यांचा निश्चय करून दिला. योगाची परीक्षा मात्र पुढच्या पिढ्यांवर राहिली.

देवी, कडुनिंब आणि लस

विषाणुरोगांपैकी ज्याने भारतवर्षास सर्वाधिक छळले तो देवीचा रोग होय. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत मसूरिकेचा उल्लेख अगदी त्रोटक आहे. माधवनिदानात तिला स्वतंत्र अध्याय मिळाला आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशात शीतला ह्या नावाने तिचे वर्णन आले. ग्रंथांतील जागा वाढत गेली, ह्यावरून रोगाचा जोरही वाढत गेला असावा असे अनुमान पुष्कळ अभ्यासक करतात. माळव्यात होळीनंतर येणाऱ्या शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड अन्न खाण्याची रीत आहे. देवी आलेल्या रोग्याच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधीत, त्याच्या अंथरुणात पाला पसरीत आणि पाल्याच्याच चवरीने त्याला वारा घालीत.

ह्या उपचाराकडे आज हसून पाहण्याचे कारण नाही. दारावरचे डहाळे पाहून परका मनुष्य आत येत नसे, म्हणजे विलगीकरण आपोआप साधे. खाजणाऱ्या अंगाला पाल्याने आराम पडे आणि नखांनी खाजवणे टळे. कडुनिंबातील द्रव्यांचाही रीतसर शोध झाला. सलीमुझ्झमान सिद्दीकी ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये कडुनिंबातून निंबिन आदी कडू द्रव्ये प्रथम वेगळी केली. परंतु देवीच्या विषाणूला रोग्याच्या शरीरात मारण्याचे सामर्थ्य कडुनिंबात असल्याचे कधीही सिद्ध झाले नाही. ज्या गावांत कडुनिंबाची वाण नव्हती त्या गावांतही देवीने माणसे नेली आणि जी वाचली त्यांपैकी अनेकांची दृष्टी नेली.

देवी गेली ती लसीने. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस गोस्तनदेवीची लस टोचण्यात आली. बगदाद आणि बसरा ह्या मार्गाने आलेले ते लसद्रव्य भारतात यशस्वी झाल्याचा तो पहिला प्रसंग. त्या एका बालिकेच्या हातावरील फोडातून पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशा दूरदूरच्या ठिकाणी लस पोहोचली. तेथून पावणेदोनशे वर्षांच्या प्रयत्नानंतर मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला, १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने पृथ्वीवरून देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले.

विषाणूचे स्वरूप आणि औषधाची अडचण

विषाणू म्हणजे काय हे कळण्यास मात्र एकोणिसाव्या शतकाचा अखेर उजाडावा लागला, आणि योगायोग असा की पहिला विषाणू सापडला तो वनस्पतीतच. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या रोगाचा रस, जंतू अडवणाऱ्या सूक्ष्म गाळणीतून गाळल्यावरही रोगकारकच राहतो, हे रशियातील इव्हानोव्हस्की याने १८९२ मध्ये दाखवले. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक याने हा जंतूहून निराळा रोगकारक असल्याचे प्रतिपादन केले. झाडांनाही विषाणूंपासून स्वतःचा बचाव करावा लागतो. कीटक, बुरशी, जंतू आणि विषाणू यांच्याशी चाललेल्या झगड्यात वनस्पतींनी जी असंख्य कडू, तुरट आणि उग्र द्रव्ये निर्माण केली, त्यांतील काही मानवी विषाणूंनाही बाधक ठरतील असे मानणे तर्कास धरून आहे. चरकाच्या भाषेत हे अनुमान.

तथापि ह्या अनुमानापुढे एक मोठी अडचण उभी असते. जंतू हा स्वतंत्र जीव असतो. त्याची पेशी आपल्या पेशीहून वेगळी असल्यामुळे तिच्यावर नेम धरता येतो. विषाणूला स्वतःचा संसार नसतो. तो आपल्याच पेशीत शिरतो आणि तिच्याच साहित्याने आपली प्रजा वाढवतो. त्यामुळे विषाणूस मारणारे औषध पेशीसही मारण्याची भीती राहते. काचपात्रात विषाणूला रोखणारी वनस्पतिद्रव्ये शेकड्यांनी सापडली आहेत. हळदीतील पिवळे द्रव्य कुर्क्युमिन त्यांपैकीच एक. परंतु तेच द्रव्य पोटात घेतले असता रक्तात फारच थोडे उतरते. काचपात्रात जेवढी मात्रा लागली तेवढी शरीरात पोहोचतच नाही. म्हणून काचपात्रातील यशाला औषध म्हणणे म्हणजे पेरणीलाच सुगी म्हणण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर ह्या परीक्षेची साधने देशात उभी राहू लागली. लखनौ येथे १९५१ मध्ये केंद्रीय औषधी संशोधन संस्था स्थापन झाली. तिने भारतीय वनस्पतींचे अर्क क्रमाने तपासण्याचे दीर्घ कार्य हाती घेतले आणि १९६८ पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या तपासणीत विषाणुरोधक गुणाचाही समावेश होता. पुण्यास १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र निघाले. तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. विषाणू ओळखणारी संस्था आणि वनस्पती तपासणारी संस्था अशी दोन्ही साधने एकाच पिढीत सिद्ध झाली.

नीळ आणि भुईआवळी

प्रत्यक्षाची परीक्षा किती कठोर असते हे दोन उदाहरणांवरून दिसते. पहिले उदाहरण निळीचे. १८४० च्या सुमारास नीळ ह्या वनस्पतिजन्य रंगाचे विघटन करताना युरोपातील एर्डमान आणि लोराँ ह्या रसायनज्ञांना आयसॅटिन नावाचे द्रव्य मिळाले. त्या द्रव्यापासून पुढे कारखान्यात घडवलेले मेथिसॅझोन हे औषध १९६३ मध्ये मद्रास येथे देवीच्या रोग्यांच्या सहवासात आलेल्या लोकांना देऊन पाहण्यात आले. औषध घेतलेल्या १,१०१ जणांत केवळ ३ सौम्य रुग्ण निघाले. न घेतलेल्या १,१२६ जणांत ७८ रुग्ण निघाले आणि त्यांतील १२ दगावले. हे आकडे पाहून जगभर आशा उत्पन्न झाली. पण अधिक काटेकोर रीतीने झालेल्या पुढील चाचण्यांत तितका लाभ आढळला नाही आणि लसीपुढे ते औषध मागे पडले.

दुसरे उदाहरण भुईआवळीचे. काविळीवर भुईआवळी देण्याची चाल महाराष्ट्रात आणि माळव्यात सारखीच रूढ आहे. काविळीच्या एका प्रकारास कारण होणारा ‘ब’ विषाणू शोधून काढल्याबद्दल १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे बारूक ब्लुमबर्ग यांनी ह्या वनस्पतीत रस घेतला. मद्रासचे डॉ. त्यागराजन आणि त्यांचे सहकारी यांनी ह्या विषाणूच्या वाहकांना तीस दिवस भुईआवळीचे चूर्ण देऊन १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. औषध घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती. औषधासारखेच दिसणारे निर्गुण चूर्ण घेणाऱ्या २३ पैकी फक्त एकाच्या रक्तातून ती गेली होती. ‘लॅन्सेट’ ह्या प्रतिष्ठित वैद्यकपत्रात ही वार्ता आल्यावर भुईआवळीची कीर्ती सर्वत्र पसरली.

परंतु इतर देशांत तोच प्रयोग करून पाहिला असता तसे फल मिळाले नाही. पुढे सर्व चाचण्यांचा एकत्र विचार केला गेला, तेव्हाही निर्णायक पुरावा सापडला नाही. असे का व्हावे? एक कारण पुन्हा नाम-रूपाचे आहे. भुईआवळी ह्या एका नावाखाली परस्परांसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती येतात; कोणत्या ऋतूत, कोणत्या मातीतून, वनस्पतीचा कोणता भाग घेतला यावरही द्रव्यांचे प्रमाण बदलते. पाणी, नांगरणी, बीज आणि ऋतू यांचा चरकाने सांगितलेला योग औषधालाही लागू आहे. दुसरे कारण असे की लहान प्रयोगात दैवयोगानेही मोठे अंतर दिसू शकते. म्हणून प्रत्यक्ष हे एकदा पाहून संपत नाही. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या हातांनी तेच पुन्हा दिसले पाहिजे.

चक्रीफुलाची कथा

वनस्पतिद्रव्यापासून विषाणुरोधक औषध जगभर पोहोचल्याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठी स्वयंपाकघरातल्या डब्यात आहे. मसाल्यात पडणाऱ्या चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असते. हे आम्ल १८८५ मध्ये एका डच रसायनज्ञाने जपानमध्ये प्रथम वेगळे केले, आणि त्याला नाव मिळाले ते तेथील बौद्ध मंदिरांच्या व समाध्यांच्या परिसरात लावल्या जाणाऱ्या शिकिमी वृक्षावरून. शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकेतील संशोधकांनी ह्याच आम्लापासून ऑसेल्टामिव्हिर हे इन्फ्लुएंझावरील औषध घडवले, आणि १९९९ मध्ये त्यास तेथे मान्यता मिळाली. हे द्रव्य इन्फ्लुएंझाच्या विषाणूला पेशीतून सुटून दुसरीकडे जाऊ देत नाही.

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातील तो ह्या साथीचा पहिला मृत्यू. त्यानंतर पुण्यातील तपासणी केंद्रांपुढे लांबच लांब रांगा लागल्या आणि ऑसेल्टामिव्हिरचे नाव घरोघरी पोहोचले. त्याबरोबरच चक्रीफुलाचा काढा प्याल्याने तो रोग टळतो असाही समज पसरला. ही समजूत चुकीची होती. चक्रीफुलात ऑसेल्टामिव्हिर नसते. त्यातील आम्ल हा केवळ कच्चा माल असून त्यावर अनेक रासायनिक संस्कार झाल्यावरच औषध तयार होते. शिवाय जपानी शिकिमीचे फळ दिसावयास चक्रीफुलासारखेच, पण विषारी असते. त्याच्या भेसळीमुळे लहान मुलांना झटके आल्यावरून २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चक्रीफुलाच्या चहाविरुद्ध इशारा दिला होता. येथेही नाम-रूपाचीच चूक प्राणावर बेतणारी ठरली. आणि औषधाच्या गुणाविषयीही अतिशयोक्ती नको : अनेक चाचण्यांचा मेळ घालून पाहिल्यावर हे औषध प्रौढांतील लक्षणांचा काळ सरासरीने एक दिवसाहूनही कमी घटवते असे २०१४ मध्ये दिसून आले. परीक्षा नव्या औषधालाही चुकत नाही.

ह्याखेरीज दोन वनस्पतिजन्य औषधे विषाणूंमुळे उठणाऱ्या त्वचेवरील चामखिळींवर मान्य झाली आहेत. हिमालयातील वनककडीच्या जातीतून मिळणारे पोडोफायलोटॉक्सिन हे एक, आणि हिरव्या चहाच्या पानांच्या अर्काचे, २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले मलम हे दुसरे. दोन्ही बाहेरून लावावयाची आहेत. यादी लहान आहे, पण खरी आहे.

करोनाची साथ

२०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने करोनाचा विषाणू भारतातील रुग्णांपासून वेगळा केला. त्याच सुमारास घरोघरी काढे उकळू लागले. मंदसौर-नीमच भागात शेतांतून पिकणाऱ्या अश्वगंधेला मागणी वाढली; गुळवेल अंगणातून आणि कुंपणावरून खुडली जाऊ लागली. ह्या वेळी काही ठिकाणी परीक्षाही झाली. सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा यांचे ‘आयुष-६४’ हे औषध मुळात हिवतापासाठी सिद्ध केलेले होते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या देखरेखीखाली लखनौ, वर्धा आणि मुंबई येथे १४० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. नेहमीच्या उपचाराबरोबर हे औषध घेणारे सौम्य व मध्यम रुग्ण इतरांपेक्षा दोन दिवसांच्या आतबाहेर लवकर बरे झाले, असा निष्कर्ष निघाला. मात्र कोणास काय दिले जात आहे हे रुग्णास व वैद्यास ठाऊक असल्यामुळे ह्या निष्कर्षाचे बळ मर्यादित राहते. थायलंडने कालमेघाला सौम्य रुग्णांसाठी प्रायोगिक परवानगी दिली. पण त्याच्या समर्थनार्थ आलेला एक अभ्यास गणनेतील चूक आढळल्यामुळे २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. चूक सापडताच अभ्यास मागे घेणे, हाही परीक्षेचाच भाग आहे.

त्याच वर्षी मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला तो असा की, खाल्लेली वेल खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, ह्याचा निश्चय झालेला नव्हता. वाद बाजूस ठेवला तरी दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मान्य केल्यासारखी आहे : वेल कोणती हे ठरल्यावाचून गुणही सांगता येत नाही आणि दोषही सांगता येत नाही.

निःशंकपणे सांगावयाचे आणि न सांगावयाचे

हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हे. गावात कोणाला ताप आला, कावीळ झाली किंवा कुत्रा चावला म्हणजे मनुष्य दवाखान्यापूर्वी अनेकदा वैद्याकडे, पुजाऱ्याकडे, मठात किंवा पाठशाळेत विचारावयास येतो. त्याला जे सांगितले जाते त्यावर प्राण अवलंबून असतो. ह्यातील श्वानदंशाचे उदाहरण सर्वांत कठोर आहे. पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशानंतर रोग्यास पाण्याचे भय वाटू लागले म्हणजे तो वाचत नाही, असे सुश्रुताने कल्पस्थानात स्वच्छ लिहून ठेवले आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या आचार्याने केलेली ही असाध्यतेची कबुली म्हणजे आप्तवचनाचा प्रामाणिकपणा होय. आजही लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बहुधा प्राण घेतोच. परंतु लक्षणांपूर्वी, दंशानंतर तत्काळ, जखम साबणाने व वाहत्या पाण्याने सुमारे पंधरा मिनिटे धुऊन लस घेतल्यास मनुष्य वाचतो. १८८५ मध्ये पाश्चर यांनी ही वाट दाखवली. अशा वेळी हातावर मुळी बांधून चार दिवस थांबावयास सांगणारा मनुष्य मुळीमुळे नव्हे, तर त्या चार दिवसांमुळे अपराधी ठरतो. करोनातही हेच घडू शकत होते : काढा पिणे सहसा घातक नव्हते, पण काढ्यावर विसंबून प्राणवायू उतरत असताना घरी थांबणे घातक होते.

म्हणून निःशंकपणे सांगता येईल ते इतकेच. देवी, पोलिओ, गोवर आणि श्वानदंश यांवर लस हाच उपाय आहे. त्यास वनस्पतीचा पर्याय नाही. सौम्य तापात पथ्य, विश्रांती आणि आराम देणारी परिचित वनस्पती वैद्याच्या सल्ल्याने घेण्यास हरकत नसावी. दीर्घकाळची कावीळ किंवा श्वास लागणे ही दवाखान्याची कामे आहेत. ‘अमुक झाडपाल्याने विषाणू मरतो’ हे वाक्य मात्र परीक्षेचे नाव, स्थळ आणि संख्या सांगता आल्यावाचून उच्चारू नये.

साथीपूर्वीचा संग्रह

ह्याचा अर्थ वनस्पतींकडे पाठ फिरवावी असा नाही. चीनच्या तू योयो यांनी चौथ्या शतकातील एका ग्रंथातील सूचनेवरून हिवतापावरील औषध शोधले आणि २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. ग्रंथातील ओळ त्यांनी प्रमाण मानून थांबवली नाही. वनस्पतीचा अर्क उष्णतेने बिघडतो हे ओळखून तो कमी उष्णतेवर काढला, प्राण्यांवर पाहिला, मग माणसांवर पाहिला. आप्तोपदेशापासून युक्तीपर्यंतच्या चारही पायऱ्या तेथे क्रमाने चढल्या गेल्या. आपल्या ग्रंथांत अशा सूचना विपुल आहेत. त्यांचा अर्थ नीट लावणे, पर्यायनामांचा घोळ सोडवणे, कोणत्या निघंटूत कोणती वनस्पती अभिप्रेत आहे हे ठरवणे, हे काम संस्कृत जाणणाराच करू शकतो. प्रयोगशाळेला लागणारी पहिली पायरी पाठशाळेतच तयार होते.

त्याबरोबर वनस्पती शिल्लकही राहिली पाहिजे. हिमालयातील वनककडी आणि कुटकी ह्या दोन्ही अतितोडीमुळे दुर्मिळ होत गेल्या आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्बंध आले. याउलट माळव्याची अश्वगंधा शेतात पिकते आणि नीमचच्या मंडीत उघड विकली जाते. रानातून उपटून आणलेल्या औषधीपेक्षा शेतात ओळखून पेरलेली औषधी, नामनिश्चयाच्या आणि रक्षणाच्या अशा दोन्ही दृष्टींनी श्रेष्ठ होय.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंस म्हणजे साथींचे प्रकरण आहे. गंगातीरी कांपिल्य येथे आत्रेय आपला शिष्य अग्निवेश यास सांगतात की वायू, जल, देश आणि काल बिघडल्याची चिन्हे दिसत आहेत. तेव्हा भूमीचा रस जाण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेव. साथ आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही, हा त्यातील इत्यर्थ. करोनाच्या काळात वनौषधींच्या बहुतेक चाचण्या साथ अंगावर आल्यानंतर घाईने सुरू झाल्या, आणि त्यामुळेच अनेकांचे निष्कर्ष दुबळे राहिले. आत्रेयांच्या आज्ञेचे आजच्या काळातील पालन म्हणजे नाव निश्चित केलेल्या, शेतात वाढवलेल्या, मात्रा ठरवलेल्या आणि अनेक ठिकाणी पारखलेल्या औषधींचा संग्रह पुढच्या साथीपूर्वी सिद्ध ठेवणे होय. पीपलरावांच्या परिसरातील एखाद्या पाठशाळेने आपल्या शिवारातील पंचवीस वनस्पतींची मराठी, माळवी आणि संस्कृत नावे, चित्रे आणि वाळवलेले नमुने यांची एक वही केली, आणि ती जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून तपासून घेतली, तरी त्या संग्रहाचा पहिला खंड सिद्ध झाला असे म्हणता येईल.